उच्चार एक, स्पेलिंग दोन: सीमाभागातल्या नव्या शिकणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, होऊन पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आलेली मुलं असोत, की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नव्यानं कामाला लागून मालाचे मेल लिहू लागलेले तरुण असोत, इंग्रजी लिहिताना त्यांना सगळ्यात जास्त नडतात ते सारख्या आवाजाचे शब्द. व्याकरण चुकलं तर समोरचा सांभाळून घेतो. इथं मात्र वाक्य धडधाकट दिसतं आणि अर्थ भलताच निघतो. 'मला दोन दिवसांची रजा हवी' असं लिहायचं असतं आणि कागदावर उतरतं 'मला दोन दिवस जगायचं आहे'. लीव्ह आणि लिव्ह, एवढाच फरक. मोबाइल त्याखाली लाल रेघ ओढत नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत.

बाजारातल्या गाइडमध्ये अशा जोड्यांच्या पानंच्या पानं याद्या असतात. त्या पाठ करू नका. पाठ केलेली जोडी परीक्षेत उलटी आठवते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्यापेक्षा घोटाळा नेमका कुठं होतो ते आधी पाहा. काही शब्द इंग्रजांच्या तोंडीही अगदी सारखेच असतात, तर काही फक्त आपल्या तोंडी सारखे होतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी तर बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकीकडच्या मुलांजवळ असं भांडवल आहे, जे पुण्याच्या मुलाकडे नाही आणि बेंगळूरच्या मुलाकडेही नाही: मराठी आणि कन्नड, दोन्ही मुळाक्षरं आपल्याला येतात. त्यांचा उपयोग इंग्रजीसाठी करायचा असतो, हे शाळेत सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक सूचना. इथं स्पेलिंग आपण तोंडानं म्हणतो तशी दिली आहेत. वाचताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक स्पेलिंग इंग्रजी अक्षरांत स्वतः लिहून काढा. डोळ्यांनी वाचलेलं स्पेलिंग राहत नाही, हातानं लिहिलेलं राहतं.

पहिली पायरी: कानाची परीक्षा

दोन शब्दांत गोंधळ होतोय असं लक्षात आलं की मोबाइलवर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडा. शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं. ब्रिटिश उच्चार निवडा आणि दोन्ही शब्द पाठोपाठ ऐका. आवाज हुबेहूब एक आला तर तो शब्द वहीच्या मागच्या पानावर टाका, त्याचं काम स्पेलिंगशी आहे. थोडा जरी फरक जाणवला तर पुढच्या पानावर टाका, त्याचं काम जिभेशी आहे.

"सर, दोन्ही एकच ऐकू येतंय की," असं पहिल्या आठवड्यात सगळेच म्हणतात. साहजिक आहे. ज्या आवाजाला आपल्या लिपीत वेगळं अक्षर नाही, तो कान वेगळा धरतच नाही. म्हणून कानाच्या मदतीला अक्षर आणायचं.

दुसरी पायरी: कन्नडचे दोन ए

मराठीत 'ए' एकच. कन्नडमध्ये दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, आणि दोघांची अक्षरं वेगळी. 'एल्लि' म्हणजे कुठं, यातला ए तोकडा आहे. 'एनु' म्हणजे काय, यातला ए लांब आहे. बसमध्ये, बाजारात, कचेरीत हे दोन्ही शब्द आपण रोज ऐकतो आणि बिनचूक बोलतो. म्हणजे फरक जिभेला ठाऊक आहे. तो इंग्रजीकडे वळवायचा, इतकंच काम उरतं.

आता गावातले फलक पाहा. 'घर विकणे आहे' हे इंग्रजीत लिहिताना कित्येक ठिकाणी 'फॉर सेल' मधला सेल एस-ई-एल-एल असा रंगवलेला असतो. हा झाला विकणे, क्रियापद. फलकावर हवी विक्री, म्हणजे एस-ए-एल-ई. देवनागरीत दोन्ही 'सेल', त्यामुळे रंगाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. पण हेच दोन शब्द मनातल्या मनात कन्नड अक्षरांत लिहा. विकण्याचा सेल ऱ्हस्व ए घेतो, विक्रीचा सेल दीर्घ ए. खरेदीपत्रालाही सेल डीड म्हणतात, तिथंही दीर्घच.

याच वाटेनं एक मोठा गठ्ठा सुटतो. पत्र आणि 'नंतर' हे दोन्ही मराठीत लेटर: पत्राचा ए ऱ्हस्व, एल-ई-टी-टी-ई-आर, नंतरचा दीर्घ, एल-ए-टी-ई-आर. लिहायचं पेन ऱ्हस्व, पी-ई-एन. दुखण्याचं पेन दीर्घ, पी-ए-आय-एन. चाचणीची टेस्ट ऱ्हस्व, चवीची टेस्ट दीर्घ. ओला ऱ्हस्व, डब्ल्यू-ई-टी; थांबणे दीर्घ, डब्ल्यू-ए-आय-टी. मिरीचा पेपर ऱ्हस्व, परीक्षेचा पेपर दीर्घ.

ही स्पेलिंग वहीत उतरवलीत तर एक गोष्ट आपोआप नजरेत भरेल. ऱ्हस्व ए जिथं आहे तिथं स्पेलिंगमध्ये बहुधा एकटं 'ई' हे अक्षर येतं. दीर्घ ए जिथं आहे तिथं बहुधा 'ए' हे अक्षर येतं, आणि त्याच्या सोबतीला आय, वाय किंवा शेवटचा मुका ई असतो. अपवाद आहेत: ब्रेडमध्ये ऱ्हस्व ए असून ई-ए लिहितात. तरी नवशिक्याला इतका भरवशाचा नियम इंग्रजीत क्वचितच मिळतो. मला विचाराल तर या एका नियमासाठी पहिला आठवडा पूर्ण द्या.

कर्जाचा डेट आणि तारखेचा डेट हीदेखील याच घरातली जोडी. कर्ज डी-ई-बी-टी, तारीख डी-ए-टी-ई. कर्जातला बी मुका आहे आणि तो बऱ्याच जणांना बोचतो. तो आला कुठून, तर लॅटिनमधून. पूर्वी इंग्रजीत हा शब्द बीशिवायच लिहीत. पुढं विद्वानांनी मूळ लॅटिन शब्द 'डेबिटम' दिसावा म्हणून बी घातला, उच्चार मात्र होता तसाच राहिला. सोसायटीच्या किंवा बँकेच्या पासबुकात डेबिट हा रकाना असतो, तोही त्याच मुळाचा. पासबुक डोळ्यांपुढं आणा, बी विसरणार नाही.

तिसरी पायरी: मराठीचे ऑ आणि ॲ

इथं उलटं आहे. कन्नड लिपीत ऑ या स्वराला स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून तिथं डॉक्टरचा डाक्टर होतो, कॉफीची काफी होते, आणि अर्जाचा फॉर्म फार्म होतो. आपल्याकडेही जुनी माणसं फारम म्हणतातच. परिणाम असा की अर्ज लिहिताना 'ॲप्लिकेशन फार्म' उतरतं, आणि एफ-ए-आर-एम म्हणजे शेतमळा. अर्जाचा फॉर्म एफ-ओ-आर-एम. आणि फर्म, म्हणजे पेढी किंवा कंपनी, एफ-आय-आर-एम. हे तिन्ही मराठी अक्षरांत सरळ वेगळे पडतात: फार्म, फॉर्म, फर्म.

तसंच कॉट आणि कोट, बॉल आणि बोल म्हणजे वाडगा, हॉल आणि होल. ऑ आणि ओ यांची गल्लत झाली की 'मला हवं आहे' याचं 'मी करणार नाही' होतं: वॉन्ट आणि वोन्ट. पहिला डब्ल्यू-ए-एन-टी. दुसऱ्यात ओ आहे आणि टीच्या आधी अपॉस्ट्रॉफी. मुलाखतीत या दोन शब्दांची अदलाबदल महागात पडेल, म्हणून ते मोठ्यानं म्हणून पक्के करा.

ॲ आणि ए यांच्या बाबतीत मराठी माणूस फारसा चुकत नाही. बॅट आणि बेट, बॅड आणि बेड आपण वेगळे लिहितो. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्यानं एवढं पाहावं की वाळूचा सँड एस-ए-एन-डी आणि पाठवण्याचा सेंड एस-ई-एन-डी. एकाच मेलमध्ये दोन्ही येतात.

चौथी पायरी: ऱ्हस्व-दीर्घ इ

याला दोन्ही लिप्या पुरतात, पण आपणच निष्काळजी असतो. बोलताना आपण इ आणि ई यांच्यात फार फरक करत नाही, आणि मराठी शब्दाच्या शेवटी तर दीर्घच लिहायची सवय असते. इंग्रजीत फरक केलाच पाहिजे. राहणे, जगणे: एल-आय-व्ही-ई. रजा, सोडून जाणे: एल-ई-ए-व्ही-ई. भरणे फिल, वाटणे फील. मिल म्हणजे गिरणी, मील म्हणजे जेवण. स्टिल म्हणजे अजून, स्टील म्हणजे पोलाद. फाउंड्रीत भट्टीच्या एका वितळणीला हीट म्हणतात, एच-ई-ए-टी. तिथं एच-आय-टी लिहिलं तर तो 'मारणे' होतो. इथंही ठोकताळा सोपा आहे: ऱ्हस्वाला एकटा आय, दीर्घाला ई-ई किंवा ई-ए.

व्ही आणि डब्ल्यू यांचं थोडक्यात सांगतो. आपला 'व' दोघांच्या मधला आहे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, डब्ल्यूला ओठ शीळ घालताना होतात तसे गोल करा. आरशासमोर व्हेस्ट आणि वेस्ट, व्हाइन आणि वाइन असं म्हणून पाहा. द्राक्षवेल दाताची, दारू ओठाची.

स आणि झ यांची परीक्षा घशावर बोट ठेवून होते. स म्हणताना घसा गप्प, झ म्हणताना कंप लागतो. किंमत म्हणजे प्राइस, घसा गप्प, पी-आर-आय-सी-ई. बक्षीस म्हणजे प्राइझ, कंप लागतो, पी-आर-आय-झेड-ई. मंडळाच्या स्पर्धेत चषकावर 'पहिली किंमत' कोरलेली असते ती यामुळेच. सैल म्हणजे लूस, त्याला दोन ओ. हरवणे म्हणजे लूझ, कंप लागतो आणि ओ एकच.

पाचवी पायरी: जिथं कान कामाचाच नाही

आता वहीचं मागचं पान. हे शब्द लंडनच्या माणसालाही सारखेच ऐकू येतात. असं का झालं, ते एकदा समजलं की चीड कमी होते. विल्यम कॅक्सटननं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, आणि तिथून इंग्रजी स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार मात्र पुढची दोन-तीनशे वर्षं बदलत राहिला. सरदार या अर्थाच्या नाइटमधला के, लिहिण्याच्या राइटमधला डब्ल्यू पूर्वी खरोखर उच्चारत. भेटणे आणि मांस, मीट आणि मीट, यांचे स्वर वेगळे होते, ते पुढं एक झाले. म्हणजे स्पेलिंग हा जुन्या उच्चाराचा दस्तऐवज आहे.

इथं उपाय एकच: शब्द ज्या जागी रोज दिसतो त्या जागेशी त्याचं स्पेलिंग बांधून टाकायचं. आपल्या भागात त्यासाठी जागा भरपूर आहेत.

उद्यमबाग आणि शहापूर घ्या. उद्यमबागेत डाय म्हणजे साचा, डी-आय-ई. शहापूर-वडगावच्या विणकरांकडे डाय म्हणजे सुताचा रंग, डी-वाय-ई. मरणे हेही डी-आय-ई. इथपर्यंत ठीक. खरी गंमत आयएनजी लावताना होते. मरण्याच्या शब्दातला आय-ई जातो आणि वाय येतो: डी-वाय-आय-एन-जी. रंगवण्याच्या शब्दाला मात्र आपला ई सांभाळावा लागतो: डी-वाय-ई-आय-एन-जी. हा ई गळला तर 'सूत रंगवण्याचं काम चालू आहे' याचं 'सूत मरतंय' होतं. मागाच्या धंद्यातल्या पोरानं बिलावर, फलकावर हा एक ई आधी तपासावा.

फाउंड्रीतला कोअर म्हणजे ओतकामात पोकळी ठेवण्यासाठी बसवलेला वाळूचा गाभा, सी-ओ-आर-ई. कॅम्पात, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीत गेलात तर तिथं सैन्याचं कोअर भेटतं, उच्चार तोच, स्पेलिंग सी-ओ-आर-पी-एस. यातले पी आणि एस मुके. शेवटी एक ई वाढवला तर उच्चार कॉर्प्स होतो आणि अर्थ होतो प्रेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळं भरतीची तयारी करणारी मुलं आपल्याकडे खूप. त्यांनी हा शब्द विशेष जपावा.

नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून मिळणारा जातीचा दाखला हा तर घराघरातला कागद. त्यातली जात सी-ए-एस-टी-ई. ई सोडला तर कास्ट म्हणजे ओतणे, त्यावरूनच ओतकामाला कास्टिंग. दोन्हींचा उच्चार एक. अर्जावर, शाळेच्या दाखल्यावर, ऑनलाइन रकान्यात हा ई सुटलेला मी इतक्यांदा पाहतो की इथं थांबून सांगावंसं वाटतं: इतर चुका एक वेळ चालतील, सरकारी कागदावर ही नको. आणि शेजारचा कॉस्ट म्हणजे खर्च, तो ओनं. उद्यमबागेत कास्टिंगचं कॉस्टिंग काढतात, तेव्हा ए आणि ओ यांच्यावर लक्ष असू द्या.

महाराष्ट्रात ज्याला प्लॉट म्हणतात त्याला कर्नाटकात साइट म्हणतात. तीस बाय चाळीसची साइट, एस-आय-टी-ई. नजर, दृष्टी हीसुद्धा साइट, पण एस-आय-जी-एच-टी. नेत्र तपासणी शिबिराच्या फलकावर हे स्पेलिंग हवं. लाइट, नाइट, ब्राइट या उजेडा-अंधाराच्या शब्दांतही हेच आय-जी-एच-टी आहे, त्या रांगेत दृष्टी बसवून टाका. तिसरी साइट म्हणजे लिखाणात संदर्भ देणे, सी-आय-टी-ई. ती पदवीच्या वर्गात लागेल, तोवर सोडा.

पीयू कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज लिहिताना प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एल. तत्त्व म्हणजेही प्रिन्सिपल, त्याच्या शेवटी एल-ई. पतसंस्थेच्या कर्जातली मुद्दल कोणती? प्राचार्यांसारखीच, ए-एल. कारण या स्पेलिंगचा मूळ अर्थ 'मुख्य'. कॉलेजात मुख्य माणूस, कर्जात मुख्य रक्कम.

खडेबाजारात वह्या-पेनं घ्यायला जाल तर फलकांवर स्टेशनरी दोन तऱ्हांनी लिहिलेली दिसेल. ई-आर-वाय बरोबर, ए-आर-वाय म्हणजे एका जागी स्थिर. लक्षात ठेवायला सोपं: बेकर आणि बेकरी, तसं स्टेशनर आणि स्टेशनरी. बेकरीचं स्पेलिंग कुणी चुकवत नाही.

सहावी पायरी: बारके शब्द

देअर या एका आवाजात तीन शब्द आहेत, आणि हुशार मुलंही इथं अडखळतात. मराठीत जिथं, तिथं, इथं या तिन्हींचं शेपूट एक आहे. इंग्रजीतही तसंच: व्हेअर, देअर, हिअर या तिन्ही जागा दाखवणाऱ्या शब्दांच्या शेवटी एच-ई-आर-ई येतं. ऐकण्याच्या हिअरमध्ये मात्र ई-ए-आर, म्हणजे कान, बसलेला आहे. 'त्यांचं' या अर्थाचा देअर टी-एच-ई-आय-आर. त्यातला टी झाका. उरतो तो शब्द म्हणजे वारस. उताऱ्यावर वारसांची नावं लागतात ती मालकीसाठी, आणि हा देअरही मालकीचाच. तिसऱ्यात अपॉस्ट्रॉफी आहे, तो 'ते आहेत' या दोन शब्दांचा जोड.

केव्हा आणि तेव्हा यांचं शेपूट एक, तसं व्हेन आणि देन यांचंही ई-एन. तुलनेचा दॅन वेगळा, त्यात ए.

अपॉस्ट्रॉफी दिसली की तिथं अक्षर गळलंय असं समजा आणि जोड सोडवून वाचा. 'ते आहे' असं वाचून अर्थ लागला तर 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी द्या. 'त्याचं' असा अर्थ असेल तर देऊ नका. युअर आणि हूज यांनाही हाच नियम.

स्वीकारणे ॲक्सेप्ट, ए-सी-सी. वगळून एक्सेप्ट, ई-एक्स-सी. एक्स म्हणजे फुली, फुली मारली की वगळलं. आणि सल्ला, सराव, परवाना हे तिघं एका नियमानं चालतात: नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. उच्चारात हा फरक फक्त सल्ल्यात ऐकू येतो, ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ. बाकी दोघांना त्याच्या मागे चालवा. अमेरिकेत हा नियम वेगळा आहे, पण आपल्याकडे ब्रिटिश पद्धत चालते, म्हणून ड्रायव्हिंग लायसन्समध्ये शेवटचं सी-ई.

शिकायचं कसं

जोडीतले दोन शब्द एकाच दिवशी शिकू नका. आधी तुमच्या कामाचा एक घ्या. नाडकचेरीत जायचंय तर जातीचा कास्ट. तो चार-पाच दिवस वाक्यात वापरा. तो हातात बसला की मगच दुसरा. एकदम दोन घेतले की कुठला कुठला हेच पुढं विसरतं.

अर्ज किंवा मेल लिहून झाला की तो एकदा फक्त या शब्दांसाठी वाचा. तुम्ही नेहमी चुकता असे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मजकुरात ते पेन्सिलीनं अधोरेखित करा. मग प्रत्येकाखाली त्याचा मराठी अर्थ लिहा. अर्थ वाक्यात बसला नाही तर स्पेलिंग चुकलंय. मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर दुप्पट सावध राहा. तिथं शब्द मशीन निवडतं आणि ते संदर्भावरून अंदाज करतं.

आता सराव. या ओळींसाठी इंग्रजी शब्द वहीत लिहा आणि मगच खालची उत्तरं पाहा. घराबाहेरच्या फलकावरची 'विक्री'. दोन दिवसांची 'रजा'. वडगावात चाललेलं सूत 'रंगवण्याचं' काम. 'जातीचा' दाखला. कर्जाची 'मुद्दल'. 'त्यांचं' शेत. पहिलं 'बक्षीस'.

उत्तरं, त्याच क्रमानं: एस-ए-एल-ई. एल-ई-ए-व्ही-ई. डी-वाय-ई-आय-एन-जी. सी-ए-एस-टी-ई. पी-आर-आय-एन-सी-आय-पी-ए-एल. टी-एच-ई-आय-आर. पी-आर-आय-झेड-ई.